मोरपंखीच्या कुंपणालगतच्या कोरड्या मातीत काय लावावे?

नमस्कार. परभणीजवळील आमच्या घराच्या पश्चिमेस मोरपंखीचे पुरुषभर उंचीचे दाट कुंपण असून, त्याच्या पायथ्याचा तीनेक फूट रुंदीचा पट्टा वर्षभर कोरडाच राहतो. भर पावसाळ्यात अंगणात चिखल असतानाही तेथील माती केवळ वरवर भिजते, कारण दाट फांद्या पाऊस अडवतात आणि जी ओल खाली उतरते ती मोरपंखीच्या उथळ, तंतुमय मुळ्या शोषून घेतात. जमीन काळी व चुनखडीयुक्त आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे गेला की तिला बोटभर रुंद भेगा पडतात. पट्ट्यावर सकाळी ऊन आणि दुपारनंतर सावली असते.

कुंपण काढण्याची आमची इच्छा नाही, कारण उन्हाळ्यातील उष्ण वारा तेच अडवते.

सदाफुली, कोरफड, अडुळसा आणि स्नेक प्लांट यांपैकी मुळांच्या या स्पर्धेत प्रत्यक्ष कोणते झाड टिकले, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे. खड्डे खोल घेतल्यास मोरपंखीच्या मुळ्या तुटून कुंपणच वाळेल, अशी मला भीती वाटते. तेव्हा लहान रोपे पावसाच्या सुरुवातीस लावून, शेणखत आणि वर सोयाबीनच्या भुसकटाचे जाड आच्छादन देणे पुरेसे ठरेल का? ठिबकची नळी कुंपणापासून किती अंतरावर ठेवावी, म्हणजे सगळे पाणी मोरपंखीच पिणार नाही, याबद्दलही मार्गदर्शन करावे, ही विनंती.