शब्दचर्चा: ‘अनडिटेक्टेबल’ला मराठीत काय म्हणावे?

टाचण: एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांसाठी उपचारांचे माहितीपत्रक मराठीत करायचे आहे. व्हायरल लोडसाठी, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणासाठी, ‘विषाणूभार’ पक्का झाला, ‘संधिसाधू संसर्ग’ही रुळलेला आहे. गाडी अडली ‘अनडिटेक्टेबल’वर, म्हणजे भार चाचणीच्या पकडीत न येण्याइतका कमी असण्यावर. ‘शून्य’, ‘अदृश्य’ की ‘नगण्य’?

काचपट्टी: तिन्ही नकोत. ‘शून्य’ तर सरळ चूक आहे. यंत्राला ठरावीक मर्यादेखाली मोजता येत नाही; यंत्रानुसार ती मिलिलिटरमागे विषाणूच्या २०, ४० किंवा ५० प्रती असू शकते. शिवाय ‘२० पेक्षा कमी’ आणि ‘सापडला नाही’ हे दोन वेगळे शेरे आहेत. पहिल्यात विषाणूचा माग लागला पण आकडा काढता आला नाही, दुसऱ्यात मागही लागला नाही. ‘अदृश्य’ म्हटले की मामला डोळ्यांचा होतो, आणि ‘नगण्य’मध्ये ‘दुर्लक्ष केले तरी चालेल’ असा वास येतो.

माझे मत: विशेषण बनवूच नका, क्रियापद ठेवा. ‘सापडला नाही’ म्हणजे या नमुन्यात, या तारखेला. ‘न सापडणारा’ म्हटले की तो विषाणूचा कायमचा गुण वाटतो. तसे नाही. पेशींमधला सुप्त साठा कायम असतो, गोळ्या थांबल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत भार पुन्हा वर येतो.

खलबत्ता: आणि ‘निगेटिव्ह’ हा शब्द या परिच्छेदाच्या आसपासही नको. प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्हच येत राहते. ‘निगेटिव्ह झालो’ असे वाटून गोळ्या बंद होतात, हा गोंधळ शब्दानेच घातलेला असतो.

टाचण: मग ‘सप्रेस्ड’ला ‘दडपलेला’?

खलबत्ता: दडपतात ते आवाज आणि प्रकरणे. ‘आटोक्यात’ घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये विषाणूभाराच्या तीन पायऱ्या केल्या, त्या अशा बसतात: सापडला नाही; सापडला पण मिलिलिटरमागे १,००० प्रतींपर्यंत, म्हणजे आटोक्यात; १,००० च्या वर, म्हणजे आटोक्याबाहेर.

काचपट्टी: ‘आटोक्यात’ला माझे अनुमोदन. ‘भार वाढला’ मात्र जपून वापरा. २,००० चे ५,००० झाले तर वाचणारा घाबरतो, पण साधारण तिपटीच्या आतला फरक चाचणीच्या स्वतःच्या चढउतारात येऊ शकतो. आणि नमुना रक्तद्रवाचा होता की वाळलेल्या रक्तठिपक्याचा, हेही लिहा. ठिपक्यात पेशी असतात, पेशींतला विषाणूचा डीएनए मोजणीत मिसळू शकतो, म्हणून तिथले लहान आकडे भरवशाचे नाहीत.

टाचण: घोषवाक्य असे केले आहे: ‘सापडत नाही म्हणजे पसरत नाही’.

खलबत्ता: झकास. इथे रीतिवर्तमानच, म्हणजे नेहमीची गोष्ट सांगणारा वर्तमानकाळच हवा, कारण अट ‘सातत्याने सापडत नाही’ अशी आहे. मात्र ‘लैंगिक संबंधातून’ हे शब्द जोडा. स्तनपानात धोका फार कमी होतो, पण शून्य म्हणता येत नाही. आणि एकच सुई अनेकांनी वापरण्याबद्दल हे वाक्य काहीच सांगत नाही.

आता माझी तक्रार ‘औषधप्रतिकार’बद्दल, म्हणजे ‘ड्रग रेझिस्टन्स’च्या मराठी रूपाबद्दल. ‘रोगप्रतिकारशक्ती’ चांगली, मग ‘औषधप्रतिकार वाढला’ हेही चांगलेच असणार, असे वाचले जाते. ‘शरीराला सवय झाली’ हेही चूक. बदलतो तो विषाणू. अर्धवट डोसांमुळे रक्तात औषध थोडेच उरते, विषाणू त्यातही वाढतो आणि बदललेले विषाणू टिकतात. मराठीत नेमके वाक्य तयार आहे: विषाणू औषधाला दाद देत नाही.

काचपट्टी: पण भार १,००० च्या वर गेला की लगेच तसे लिहू नये. आधी गोळ्यांची नियमितता पाहतात, ती सुधारून सुमारे ३ महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात. एचआयव्हीवरचे डोलुटेग्रावीर हे औषध घेणाऱ्यांत पहिला संशय राहिलेल्या गोळ्यांवरच असतो.

टाचण: ‘राहिलेल्या’ की ‘चुकवलेल्या’?

खलबत्ता: ‘चुकवलेल्या’त आरोप आहे. कर चुकवतात, नजर चुकवतात. ‘गेल्या महिन्यात किती गोळ्या राहिल्या?’ असे विचारले की खरे उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. राहिलेली गोळी आठवताच घ्यावी. पुढची ४ तासांच्या आत असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम नाहीत.

टाचण: सोबत क्षयरोगाचे औषध घेणाऱ्यांच्या तक्त्यात डोलुटेग्रावीरचा ‘डोस दुप्पट’ आहे, ते तरी बरोबर ना?

खलबत्ता: तेच सर्वांत धोक्याचे! एचआयव्हीवरच्या एकत्रित गोळीत टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोलुटेग्रावीर ५० मिलिग्रॅम असते. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन डोलुटेग्रावीरचे रक्तातले प्रमाण खाली आणते, म्हणून फक्त तेच वाढवायचे. ‘दुप्पट’ वाचून कोणी एकत्रित गोळ्या दोन घेतल्या तर बाकीची दोन औषधेही विनाकारण दुप्पट होतात, आणि टेनोफोव्हिरचा भार मूत्रपिंडावर पडतो. लिहा: ‘एकत्रित गोळी एक, तिच्या १२ तासांनंतर ५० मिलिग्रॅमची सुटी डोलुटेग्रावीर एक, रिफॅम्पिसिन चालू असेपर्यंत आणि ते संपल्यावर आणखी २ आठवडे.’

काचपट्टी: ‘कॅल्शियम २ तास आधी’ ही ओळही उलटी झाली आहे. ‘आधी’ कशाच्या, ते षष्ठीनेच कळते. ‘डोलुटेग्रावीर कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या २ तास आधी, नाहीतर ६ तासांनंतर’ असे हवे. जेवणासोबत घेतल्यास ही एकत्र चालतात.

खलबत्ता: मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमच्या अँटासिडला मात्र जेवणाची सवलत नाही. ती ओळ वेगळी काढा, कॅल्शियमच्या स्वल्पविरामामागे लपवू नका.