शाळेच्या कपाटातलं पुस्तक मूल घरी नेऊ शकतं का?

भांडुपची_आई
माझी मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. 15 ऑक्टोबरला शाळेत वाचन प्रेरणा दिन झाला. कलामांच्या फोटोला हार घातला, टेबलांवर पुस्तकं मांडली, पालकांच्या ग्रुपवर फोटो आले. लेकीला मुंग्यांवरचं एक पुस्तक सापडलं. चारेक पानं वाचून होतात तोवर तास संपला. घरी नेऊ का विचारल्यावर बाई म्हणाल्या, "नाही गं, मोजून कपाटात ठेवायचीत." सरकार मुलांनी वाचावं म्हणून एवढं सांगतंय, मग पुस्तक घरी द्यायला काय हरकत आहे? आणि पालक म्हणून मी काय करू शकते?

माहीमकर
तोवर मोबाइलवर वाचू द्या. बालभारतीच्या वेबसाइटवर 'किशोर'चे जुने अंक फुकट आहेत, अगदी 1971 पासूनचे. स्टोरीवीव्हरवरही मराठी गोष्टी मिळतील.

निवृत्त_बाई
ताई, बाईंवर रागावू नका. कुर्ल्याच्या एका शाळेत ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे होता, म्हणून सांगते. पैसा येतो. समग्र शिक्षा अभियानात शाळेच्या ग्रंथालयाला वर्षाला 5,000 ते 20,000 रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तर प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टीची पुस्तकं असलेलं ग्रंथालय असावं, असं स्पष्ट लिहिलंय. पण ही पुस्तकं साठा नोंदवहीत चढतात. ऑडिटला कोणी येतं तेव्हा नोंदवहीतला आकडा आणि कपाटातली पुस्तकं जुळावी लागतात. कमी भरली की जाब चार्ज असलेल्या बाईला. मूल वाचतंय का, हे त्या तपासणीत कोणी विचारत नाही. मग कुलूप लागणारच.

2022 सालच्या 1 जानेवारीला केंद्राने 100 दिवसांचं 'पढे भारत' वाचन अभियान सुरू केलं आणि त्याच आठवड्यात ओमायक्रॉनमुळे मुंबईत पहिली ते नववीचे वर्ग बंद झाले. मुलं चाळीत नि झोपडपट्टीत घरी बसलेली, पुस्तकं शाळेत कुलुपात. मला ते सहन होईना. मुख्याध्यापकांची परवानगी घेतली आणि फाटकाशी टेबल टाकून पुस्तकं वाटली. एका साध्या वहीत नाव, तारीख, पालकाची सही. काही पुस्तकं परत आलीच नाहीत. एक आलं ते हळदीच्या डागांचं, शिवण सुटलेलं, आणि मागच्या पानावर पेन्सिलीने तीन वेगवेगळ्या अक्षरांत नावं. ज्या मुलीला दिलं होतं तिच्याबरोबर तिच्या धाकट्या भावाने आणि शेजारच्या मुलाने वाचलं होतं. त्या पुस्तकाला मी डिंक लावून परत वाटपात घेतलं. कपाटात कोरी राहिलेली पुस्तकं बघून मला जेवढं वाईट वाटायचं, तेवढं हरवलेल्यांचं कधी वाटलं नाही.

फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांचं निर्लेखन करता येतं, म्हणजे ती साठा नोंदवहीतून रीतसर कमी करता येतात. ते कागद कोणीतरी हलवायला हवेत, एवढंच. तुमच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असेल, तिच्यात 75 टक्के पालक असतात. तिथे विषय काढा.

ग्रंथपाल_लालबाग
बाईंचं पटलं, पण वाचन प्रेरणा दिन अगदीच वाया जातो असं मला वाटत नाही. ताईंच्या मुलीला ते पुस्तक त्या दिवशीच तर दिसलं. अडचण 16 तारखेची आहे. आमच्यासारखी सार्वजनिक ग्रंथालयं 1967 च्या कायद्याखाली अनुदान घेतात, बालविभाग असतो, पण सकाळी येतात ते पेपर वाचणारे आजोबा. पोरांना अनामत आणि पालकाची सही आडवी येते. आम्ही मुलांची अनामत बंद केली आणि शनिवारी दुपारी बालविभाग उघडा ठेवायला लागलो, तेव्हा गर्दी व्हायला लागली. ताई, भांडुप-मुलुंडकडे असं एखादं ग्रंथालय आहे का बघा.

भांडुपची_आई
बाई, दादा, मनापासून आभार. समितीची सभा पुढच्या आठवड्यात आहे. ठराव कसा मांडू? मला सरकारी भाषा येत नाही.

निवृत्त_बाई
साधंच लिहा. "दर शुक्रवारी प्रत्येक विद्यार्थ्यास त्याच्या आवडीचे एक पुस्तक घरी द्यावे. गहाळ व फाटलेल्या पुस्तकांची यादी वर्षअखेरीस समितीपुढे ठेवून निर्लेखनास पाठवावी. शिक्षकांकडून वसुली करू नये." सूचक म्हणून तुमचं नाव, अनुमोदक दुसरा पालक. इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका आणि त्याची एक प्रत वर्गाच्या बाईंना द्या, त्यांना तोच आधार लागेल.