प्रगती उणे कशी असेल? ‘प्रोग्रेस’ आणि ‘अटेनमेंट’साठी नेमके मराठी शब्द

ओटीवरची
मी इंग्लंडमध्ये राहते. इथल्या प्राथमिक शाळांचे निकाल कसे वाचायचे, याची दोन पानं नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी लिहिते आहे. अडले आहे ते ‘अटेनमेंट’ आणि ‘प्रोग्रेस’ या दोन शब्दांपाशी. पहिल्या खर्ड्यात दोन्हींना ‘प्रगती’ लिहून मोकळी झाले होते. मग जुन्या तक्त्यातला एका शाळेचा गणिताचा प्रोग्रेसचा आकडा, उणे १.८, दाखवला तेव्हा एका बाबांनी विचारलं, “म्हणजे मुलं आली तेव्हा जेवढं येत होतं, त्याहून कमी घेऊन बाहेर पडली?” मला तिथल्या तिथे नीट सांगता आलं नाही. मराठीत उणे प्रगती म्हणजे अधोगतीच की. काय लिहू?

पाटीपेन्सिल
अटेनमेंटसाठी ‘संपादणूक’ घ्या. शिक्षणक्षेत्रात तो रुळलेला आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण हे नाव शिक्षकांच्या रोजच्या बोलण्यातलं आहे. मूल शेवटी कुठवर पोचलं, ती संपादणूक. कुठून निघून कुठवर आलं, ती प्रगती. घोटाळा आपल्या ‘प्रगती पुस्तका’नेही केला आहे. त्यात असतात त्या-त्या परीक्षेचे गुण, म्हणजे संपादणूक, आणि नाव मात्र प्रगतीचं. त्यामुळे मराठी पालकाच्या कानात ‘प्रगती’ म्हणजे ‘किती मार्क पडले’ हेच बसलेलं असतं.

त्रैराशिक
संपादणूक पटला. पण उण्याचं कोडं त्याने सुटत नाही, कारण इंग्लंडच्या त्या आकड्यात नुसती ‘कुठून कुठवर’ची वजाबाकी नाही. २०१६ पासूनची पद्धत अशी: सात वर्षांच्या सुमाराला ज्यांची पातळी सारखी होती अशा देशभरातल्या मुलांचा एक गट धरायचा. अकराव्या वर्षी, इयर सिक्सच्या सॅट्समध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षीच्या देशव्यापी चाचण्यांत, त्या गटाची सरासरी काय आली ते पाहायचं. मग आपलं मूल त्या सरासरीच्या वर की खाली, तेवढा फरक मोजायचा.

समजा, एका गटाची सरासरी ९८ आणि त्यातल्या मुलाला १०१ मिळाले. फरक अधिक ३. दुसऱ्या गटाची सरासरी ११२ आणि मुलीला ११०. फरक उणे २. आता पाहा, ११० हे खूप चांगले गुण आहेत, ती मुलगी चार वर्षांत भरपूर शिकली आहे, तरी तिचा आकडा उणे आहे. सगळ्या मुलांच्या फरकांची सरासरी म्हणजे शाळेचा आकडा. शून्य म्हणजे प्रगती झाली नाही असं नव्हे, देशभरातल्या तशाच मुलांइतकी झाली. म्हणून मी ‘तुलनात्मक प्रगती’ म्हणेन. ‘सापेक्ष’ही चालेल, पण पालकांच्या पानात तो जड वाटेल.

ओटीवरची
हे त्या बाबांना सांगता आलं असतं तर! पण मग ‘विद्यार्थ्यांची तुलनात्मक प्रगती’ लिहू की ‘शाळेची’?

त्रैराशिक
शाळेची. याबाबतीत मी आग्रही आहे. एकेका मुलाचा फरक काढतात तो केवळ शाळेची सरासरी करण्यासाठी. तो पालकांना सांगण्याची अपेक्षाच नाही. घरी पोचला तर अकरा वर्षांच्या लेकराच्या कपाळी विनाकारण ‘उणे’ लागेल. शिवाय वर्गात पंधरा-वीसच मुलं असली तर एक-दोघांच्या वाईट दिवसाने शाळेचा आकडा हलतो. म्हणून आकड्याशेजारी खालची आणि वरची मर्यादा छापतात. पुस्तकी नाव ‘विश्वास अंतराल’. तुम्ही मात्र ‘आकडा इथून इथवर असू शकतो’ असं सरळ लिहा. त्या दोन टोकांच्या मध्ये शून्य येत असेल, तर शाळा सरासरीपेक्षा वेगळी आहे असं म्हणता येत नाही. तुमच्या उणे १.८ ची टोकं उणे ४ आणि अधिक ०.४ अशी असतील, तर त्या बाबांनी घाबरण्याचं काहीच कारण नव्हतं.

पाटीपेन्सिल
२०१६ च्या आधी या प्रगतीच्या आकड्याला ‘व्हॅल्यू अ‍ॅडेड’ म्हणत ना? त्याचं ‘मूल्यवर्धित’ करू नका, वाचणाऱ्याला कर आठवतो.

आणखी एक कळकळीची विनंती. ‘एक्स्पेक्टेड स्टँडर्ड’ला ‘अपेक्षित पातळी’ लिहा आणि त्याखालच्या मुलाला ‘नापास’ म्हणू नका. मी वर्गावर असताना ‘अप्रगत’ हा शिक्का बसलेली मुलं पाहिली आहेत. एका मुलाने तो शब्द ऐकून महिनाभर हात वर केला नव्हता. ‘अजून पातळी गाठायची आहे’ म्हटल्याने वाक्य लांबतं, लांबू दे.

ओटीवरची
‘नापास’ मीही काढला. ‘स्केल्ड स्कोअर’चं काय? ८० ते १२० पाहून लोक शंभरपैकी समजतात. १०० मिळाले म्हणजे पैकीच्या पैकी!

त्रैराशिक
‘रूपांतरित गुण’. दरवर्षी पेपर कमी-अधिक अवघड असतो, म्हणून मिळालेले गुण एका ठरावीक पट्टीवर बसवतात. वाचनाच्या ५० गुणांच्या पेपरात २०१९ साली २८ गुणांना १०० ठरले, २०२३ चा पेपर फार अवघड गेला तर २४ ला. दोन्हीकडे १०० म्हणजे अपेक्षित पातळी, पैकीच्या पैकी नव्हे.

वर्षावर्षांची तुलना करतानाही जपा. वाचन, लेखन आणि गणित तिन्हींत अपेक्षित पातळी गाठणारी मुलं २०१९ साली ६५ टक्के होती, २०२५ साली ६२. ही तुलना चालते. २०१५ चे ८० आणि २०१६ चे ५३ टक्के मात्र शेजारी ठेवू नका. त्या वर्षी अभ्यासक्रम आणि पट्टी दोन्ही बदलली होती, मुलं एका वर्षात बिघडली नव्हती.

पाटीपेन्सिल
मग २०२४ चा प्रगतीचा आकडा कुठे मिळतो? मला रकाना रिकामाच दिसला.

त्रैराशिक
नाहीच तो. २०२४ आणि २०२५ च्या मुलांच्या सातव्या वर्षीच्या चाचण्या २०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे रद्द झाल्या होत्या. निघाल्याची खूणच नाही, मग अंतर कशावरून मोजणार? सप्टेंबर २०२१ पासून ती खूण शाळेत पाऊल टाकल्याबरोबर, रिसेप्शन या पहिल्याच वर्गात घेतात. ती मुलं इयर सिक्सच्या सॅट्सला २०२८ साली पोचतील.

ओटीवरची
त्या खुणेला, बेसलाइनला, ‘पायाभूत चाचणी’ म्हटलं तर?

पाटीपेन्सिल
चाचणी म्हटलं की आया चार वर्षांच्या पोरांची तयारी करून घेऊ लागतील. ‘सुरुवातीची नोंद’ लिहा.

ओटीवरची
लिहिते. पहिलं वाक्य असं जमलंय: “संपादणूक म्हणजे मुलं कुठवर पोचली, शाळेची तुलनात्मक प्रगती म्हणजे जिथून निघाली तिथूनच निघालेल्या देशभरातल्या मुलांच्या तुलनेत ती किती पुढे किंवा मागे आहेत.” ‘मागे’ खटकतो आहे. त्याला दुसरा शब्द सुचला तर सांगा, पानं शुक्रवारी छापायला देणार आहे.