मदत हवी आहे: खाडीतल्या जिताड्यासाठी स्पिनिंग रीलच ठेवू की बेटकास्टर घेऊ?

आजोळचा_गरीवाला

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबट आहे. माहिती अर्धवट दिली की पाच जण उलटे प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

नोकरी पुण्यात, आजोळ दाभोळ खाडीच्या काठी. महिन्या-दीड महिन्यातून जाणं होतं आणि गेलो की दोन्ही दिवस गरवण्यात जातात. (मामी म्हणते, तेवढ्या पेट्रोलच्या पैशात बाजारातून सुरमई आली असती. तिचं बरोबर आहे.) जागा दोन. एक जुना दगडी धक्का, पाणी मोकळं, दुपारनंतर वारा समोरून. दुसरी आतल्या फाट्यावर, तिवरांची मुळं पाण्यात उतरलेली आणि दगडांना कालवं चिकटलेली. जिताडा आणि तांबोशी लागतात ते इथेच, आणि हातचे जातात तेही इथेच.

सामान: सात फुटी स्पिनिंग रॉड, 4000 नंबरचं स्पिनिंग रील, त्यावर 0.35 मिलिमीटरचं तंगूस (नायलॉनचा दोर). टोकाला कधी जिवंत कोळंबी, कधी 12 ते 18 ग्रॅमचे ल्युअर (खोटी आमिषं). दोन वर्षं हेच वापरतोय.

तक्रारी दोन. गेल्या महिन्यात उधाणाच्या सुकतीला (ओहोटीला) चांगला जिताडा लागला. एकदा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकलं तेव्हा दिसला, अडीच किलोचा तरी असेल. मग सरळ मुळांकडे वळला. रील कर्रर्र करत राहिलं, मी हँडल फिरवत राहिलो आणि तो जात राहिला. शेवटी हातात सैल तंगूस आलं, टोक खरवडलेलं.

दुसरी तक्रार म्हणजे तंगूस दर दोन फेऱ्यांनंतर जुन्या टेलिफोनच्या वायरसारखं कुरळं होतं. मग गुंता, मग कात्री.

व्हिडिओ बघून असं मत झालंय की बेटकास्टरला ताकद जास्त, नेम पक्का आणि तंगुसाला पीळ पडत नाही. म्हणून मित्राचा बेटकास्टर तासभर मागून आणला. पहिले दोन कास्ट बरे गेले. तिसऱ्याला स्पूलवर (दोर गुंडाळलेल्या चकतीवर) कावळ्याचं घरटं! उरलेला तास ते सोडवण्यात गेला.

बजेट सात-आठ हजार. घ्यावा का? आणि मी उजव्या हाताने फेकतो, स्पिनिंगचं हँडल डाव्याने फिरवतो, तर बेटकास्टर कुठल्या बाजूचा बघू?

तिवराखाली

आधी दोन गोष्टी सांगा. ड्रॅग, म्हणजे किती जोराने ओढल्यावर रील दोर सोडतं ते, किती ठेवला होता? आणि टोकाला लीडर (जाड दोराचा तुकडा) होता की थेट तंगुसालाच गरी?

आजोळचा_गरीवाला

ड्रॅग अंदाजे घट्ट. म्हणजे हाताने ओढलं की सुटतो, पण जोर लावावा लागतो. लीडर नाही, थेट गरी.

धक्क्यावरचा

वर कुणी दोन रीलांमधला मूळ फरक सांगितला नाही, तो सांगतो. आमच्याकडे अजूनही म्हातारे बाटलीला तंगूस गुंडाळून गरवतात. बाटलीचं तोंड पाण्याकडे करतात, शिसं गरगर फिरवून सोडतात, आणि बाटली हातात स्थिर असताना तंगुसाचे वेढे टोकावरून सुटत जातात. हेच स्पिनिंग रील. स्पूल फिरत नाही, त्यामुळे सुटताना गुंता व्हायचं कारण कमी. वजन हलकं असलं तरी चालतं, कारण त्याला काही फिरवायचं नसतं.

बेटकास्टर म्हणजे पतंगाची फिरकी. दोर हवा असेल तर फिरकी फिरलीच पाहिजे. आता आठवा, पतंग जोरात ओढत असतो आणि अचानक सैल पडतो, तेव्हा फिरकी धरणारा गाफील असला तर काय होतं? फिरकी आपल्याच वेगात फिरत राहते आणि मांज्याचा भेंडोळा पायात. ल्युअर हवेत हळू होतो, स्पूल होत नाही. तुमचं कावळ्याचं घरटं ते हेच. फिरकी धरणाऱ्या पोराचं काम तिथे तुमच्या अंगठ्याने करायचं असतं.

जुन्या_वस्तू

अवांतर, पण राहवत नाही. फिरत्या स्पूलचं गिअरवालं रील एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत केंटकीच्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने बनवलं. स्थिर स्पूलच्या रीलचं पेटंट 1905 साली आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी घेतलं, आणि ते इंग्लंडातले कापडगिरणीवाले. एक घड्याळातून आलं, दुसरं सुताच्या बॉबिनीतून. धक्क्यावरचा यांची बाटली आणि फिरकी वाचून हे आठवलं. चालू द्या.

तिवराखाली

आता मूळ मुद्दा. तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, पण माझ्या मते आजार एकच आहे.

तुमचंच वाक्य बघा: "रील कर्रर्र करत राहिलं, मी हँडल फिरवत राहिलो." कर्रर्र म्हणजे ड्रॅग सुटतोय. स्पिनिंग रीलमध्ये ड्रॅग सुटत असताना हँडल फिरवलं की तंगूस आत येतच नाही, नुसता रोटर, म्हणजे स्पूलभोवतीचा फिरता भाग, फिरत राहतो. हँडलच्या एका फेऱ्यात पाच-सहा पीळ. शिंगाळा लागला तरी तुम्ही हेच करत असणार, मोकळ्या पाण्यात तो तरीही येतो म्हणून लक्षात येत नाही. कुरळ्या तंगुसाचं मोठं कारण हे आहे. मासा ओढतोय तोवर हँडल थांबवायचं, रॉड वाकलेला ठेवायचा, तो थांबला की रॉड वर घ्यायचा आणि खाली आणताना गुंडाळायचं.

आणि जिताडा गेला तोही त्याच ढिल्या ड्रॅगमुळे. ड्रॅग दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. तुमचं तंगूस आठ किलोचं धरलं तर दोन-अडीच किलो. "जोर लावावा लागतो" हे माप नव्हे, हाताला एक किलोसुद्धा जड वाटतो. घरात सामान तोलायचा लटकता काटा असेल तर तो तंगुसाला बांधा, रॉड तिरपा धरा, दुसऱ्याला ओढायला सांगा आणि आकडा वाचा. मग बोलू.

तिसरी गोष्ट तंगुसाचा ताण. 0.35 चं नायलॉन रबरासारखं ताणतं. मुळांपासून दोन हातांवर लागलेल्या माशाला तेवढं ताणणं पुरतं. 20 पौंडी ब्रेड (न ताणणारा विणलेला दोर) भरा, खाली थोडं जुनं तंगूस राहू द्या, नाहीतर ब्रेड उघड्या स्पूलवर घसरतो आणि ड्रॅग बिघडला असं वाटतं. ब्रेड कालवांवर मात्र लगेच कापला जातो, म्हणून पुढे वावभर 40 पौंडी लीडर हवाच. एफजी गाठ जमली तर उत्तम, नाही जमली तर डबल युनि.

बेटकास्टर घ्यायचा असेल तर घ्या. पण या माशासाठी नको.

मांडवीकाठी

जिताडा म्हणजे आमच्या गोव्यातला चणक. लीडरबद्दल सहमत, आणि कारण फक्त कालवं नाहीत. त्याच्या गालफडाची, म्हणजे कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, डोकं झटकताना दोर तिथे घासला की संपलं. काढतानाही तिथे बोटं घालू नका, मी घातली आहेत.

एक विनंती. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खूप मोठा लागला तर फोटो काढून सोडता आला तर बघा, अंडी त्यांच्याच पोटात असतात.

सुकतीची_वेळ

सगळेच स्पिनिंगकडून बोलताहेत, म्हणून बेटकास्टरची बाजू मी मांडते. सहा वर्षं तोच वापरतेय, तोही तिवरांतच.

तिवरांत खरी करामत असते ती ल्युअर शेवटच्या हातभरात थांबवण्याची. फांदीखाली बरोबर पडला तर मासा, हातभर पुढे गेला तर फांदीला लटकलेला तीनशे रुपयांचा दागिना. बेटकास्टरवर अंगठा स्पूलवरच असतो, ल्युअर हवेत असताना दाबत आणायचा, तो पाण्यात टपकन न पडता अलगद उतरतो. स्पिनिंगवरही बोटाने दोर अडवता येतो, पण ही नजाकत नाही. शिवाय ओढताना दोर सरळ स्पूलवर येतो, काटकोनात वळत नाही, त्यामुळे मुळांतून उपसायला जोर मिळतो. आणि ड्रॅग सुटताना हँडल फिरवलं तरी पीळ पडत नाही, म्हणजे तुमच्या सवयीला हे रील माफ करेल :)

पण जिवंत कोळंबी विसरा. वजनाशिवाय कोळंबी बेटकास्टरवरून जात नाही, आणि झटका दिला तर कोळंबी एकीकडे, गरी दुसरीकडे. सात ग्रॅमच्या खाली तर मी नादच करत नाही. समोरून वारा असेल तर जुना हातही घरटी बांधतो. तुमच्या धक्क्यावर दुपारनंतर काय होईल ते सांगायला नको.

शिकायचं असेल तर अंगणात शिका. टोकाला ल्युअरच्या वजनाचं शिसं, गरी नाही. बाजूची छोटी चावी इतकी घट्ट करा की बटण दाबल्यावर शिसं हळूहळू खाली उतरेल आणि जमिनीला टेकलं की स्पूल थांबेल. ब्रेक पूर्ण वर. पहिल्यांदा ब्रेड नको, साधं जाडसर तंगूस भरा. आणि पैजेची युक्ती: पस्तीसेक मीटर दोर बाहेर काढून उरलेल्या स्पूलवर चिकटपट्टीचा एक वेढा मारा, मग परत गुंडाळा. घरटं झालं तरी पट्टीच्या खाली जात नाही. मी पावसाळ्याचे दोन महिने पडवीतून अंगणात फेकत होते. सासूबाईंना वाटायचं, सून बिघडली.

हँडल: स्पिनिंगचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं, बेटकास्टरचं येत नाही. तुम्ही डाव्याने फिरवता तर डावाच मागवा, नीट बघून.

धक्क्यावरचा

आणि बजेटचं गणित कुणी काढलंच नाही. बेटकास्टर रॉडच्या वर बसतो, त्याच्या रॉडला खाली बोट अडकवायला आकडा असतो आणि कड्या बारीक, वरच्या बाजूला. स्पिनिंग रॉडची पहिली कडी मोठी असते, सुटणारे वेढे आवरायला. तुमच्या स्पिनिंग रॉडवर बेटकास्टर बसवून चालत नाही. म्हणजे सात-आठ हजारांत रील, रॉड, दोर, तिन्ही. रील मग उरल्या पैशाचं येईल, आणि स्वस्तातल्या बेटकास्टरचे ब्रेक म्हणजे पुन्हा घरटी. स्वस्तातलं स्पिनिंग रील निदान फेकू तरी देतं.

खाऱ्या पाण्याचंही बघा. बेटकास्टरवर दोर सारखा पसरवणारा जो सरकता दुवा असतो, त्याचा आटा उघडा असतो, रेती आणि मीठ तिथेच बसतं. कुठलंही रील असो, घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याचा हलका शिडकावा, पाइपाची धार नाही, मग सुकवून ड्रॅग सैल.

नवशिका_चिपळूण

आतल्या फाट्यावर म्हणजे किती आत? दाभोळ खाडी म्हणजे वाशिष्ठीच, आणि तिच्यात मगरी आहेत हे माहीत आहे ना?

तिवराखाली

मालदोलीच्या बाजूला तर पर्यटक बोटीतून मगरीच बघायला जातात. गुडघाभर पाण्यात उतरून अडकलेली गरी सोडवायची सवय असेल तर मोडा. गरी पाच रुपयांची आहे.

आजोळचा_गरीवाला

सगळ्यांचे आभार. या शनिवारी जाऊन आलो, हालहवाल देतो.

मामाकडे बॅगा तोलायचा काटा निघाला, मुंबईच्या आतेभावाने दुबईला जाताना घेतलेला. तंगुसाला बांधला, मामा अंगणातून विहिरीकडे चालत गेला आणि ओरडला, "एक किलो शंभर!" मला खोटं वाटलं. दुसऱ्यांदा एक किलो पन्नास. मी दोन वर्षं याला "घट्ट" म्हणत होतो. अडीचवर आणल्यावर मामाला काटा दोन्ही हातांनी ओढावा लागला, तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी जिताड्याला मी नुसता फिरायला सोडला होता.

हँडल थांबवायची सवय मात्र जात नाहीये. धक्क्यावर एक शिंगाळा लागला, कर्रर्र ऐकलं की हात आपोआप फिरायला लागतो. मामा शेजारी बसून "थांब, थांब" म्हणत होता. आला वर. तंगूस बऱ्यापैकी सरळ राहिलं.

तर निर्णय: आहे तेच रील, ब्रेड आणि लीडर मागवतो. बेटकास्टर दिवाळीनंतर, वेगळ्या रॉडसकट, डावा. सुकतीची_वेळ, चिकटपट्टीची युक्ती लिहून ठेवली आहे.

आता एकच उपप्रश्न. ब्रेड हिरवा घेऊ, पिवळा की पाच रंगांचा?

तिवराखाली

नवा धागा काढा. तो विषय दोनशे प्रतिसादांचा आहे.