कमानीला वर्गणी, कागदाला कोण?

वेणुग्रामकर
काल एकाने इथे लिहिलं : "ज्या गावाने जवान दिला त्याच्या वेशीवर जवानाच्या नावाची कमान नसेल तर त्या गावाने देशप्रेमावर बोलू नये. घरटी हजार काढा, वर्षश्राद्धाच्या आत उभी करा." खाली नुसते जोडलेले हात. त्या वर्षात त्याच्या बायकोची पेन्शन सुरू झाली का, हे एकानेही विचारलं नाही.

आपल्याकडे बेळगाव सीमाभागात लग्नात मुलीचं नाव बदलतात. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आणि पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (लग्न, मुलं यांची लष्करी नोंद) नवऱ्याने सुट्टीवरून परत जाऊन लिहून दिलेलं तिसरंच. त्यात नाडकचेरीत, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कार्यालयात, कन्नडवरून इंग्रजी करताना ऑपरेटर आपल्या कानाला ऐकू येईल तसं स्पेलिंग लिहितो. लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन 'स्पर्श' प्रणालीत आधार, पॅन, बँक खातं आणि पेन्शनच्या कागदावर नाव जुळलं नाही की काम अडलं. मग 'दोन्ही नावं एकाच बाईची' असं प्रतिज्ञापत्र, वंशावळीचा दाखला, सगळं घेऊन रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावातच आहे, त्यामुळे त्यांचं निभावतं. आर्टिलरीचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला. नंदगडहून जबलपूरला फाईल घेऊन कमान समिती जाणार आहे काय?

निपाणीचा तंबाखू
पेन्शन देणं सरकारचं काम आहे की. गावाने काय द्यायचं? नाव द्यायचं. कमानीखालून शाळेला जाणारं पोर विचारतं, हा कोण? एवढ्यासाठी कमान. सांबऱ्याच्या विमानतळावर पार्थिव उतरल्यापासून तीन फैरी झडेपर्यंत गाव लोटतं आणि तेराव्याला सगळं थंड, हे तुम्हाला चालतं? आणि विधवेला अख्खा पगार मिळतो, वर केंद्राचे लाखो, राज्याचे वेगळे. पैशाचं रडगाणं कशाला?

फाईल पुढच्या टेबलावर
तंबाखूशेठ, अख्खा पगार सगळ्यांना नसतो. मृत्यू कुठल्या वर्गात बसला त्यावर सगळं ठरतं. शत्रूची किंवा अतिरेक्यांची कारवाई, म्हणजे ड आणि ई वर्ग : लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, शेवटच्या वेतनाच्या १०० टक्के. ब आणि क, म्हणजे सेवेमुळे झालेला आजार किंवा ड्यूटीवरचा अपघात : स्पेशल, ६० टक्के. अ वर्ग, सेवेशी संबंध नाही : साधी, ३० टक्के. तीही सेवेत असताना गेला तर पहिली दहा वर्षं ५० टक्के. तिन्हींवर महागाई भत्ता. तुमचे 'लाखो'सुद्धा तसेच. २०१६ पासून केंद्राचं सानुग्रह अनुदान ड्यूटीवरच्या अपघाताला २५ लाख, सीमेवरच्या चकमकीला ३५ लाख, युद्धात शत्रूच्या कारवाईला ४५ लाख. अ वर्गाला त्यातलं काही नाही.

तुम्ही काय करता? मृत्यूच्या लष्करी चौकशीचा निकाल लागायच्या आधीच चौकात 'शहीद' म्हणून फ्लेक्स लावता. तिरंगा तर छावणीत हृदयविकाराने गेलेल्याच्या पेटीवरही असतो. पुढे कागद अ वर्गाचा निघाला की 'सरकारने फसवलं' म्हणून रस्ता रोको. त्या बाईला तेव्हा अपील करायचं असतं : चौकशीची नक्कल, शेवटच्या वैद्यकीय तपासणीचा कागद, शेवटच्या पोस्टिंगचा तपशील. हे मिळवायला कोण जातं ते सांगा.

नंदगडची
आधी तो 'शहीद' शब्द सोडा. सरकारी कागदात तो नाहीच, तिथे 'बॅटल कॅज्युअल्टी' आहे. मराठीत सरळ 'वीरमरण' म्हणा.

सीमावासी ८६५
मग हुतात्मा का नको?

नंदगडची
कारण बेळगावात हुतात्मा म्हटलं की १७ जानेवारी १९५६. सीमालढ्यातल्या त्या गोळीबारात गेलेल्यांचा दिवस आपण पाळतो. दोन्हींना एकच शब्द लावला तर दोन्ही पुसट होतात.

सीमावासी ८६५
पुसट होत नाहीत, जोडले जातात! आमची पोरं पलटणीत 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' म्हणून तुटून पडतात आणि गावच्या कमानीवर मराठी लिहायला परवानगी मागायची? येळ्ळूरला २०१४ मध्ये 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक पाडला ते विसरलात? महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आरोग्य योजना दिली, तशी जवानाच्या घरासाठीही वेगळी योजना आणावी. कमान पूर्ण मराठीत, एक ओळ कन्नड नको.

होसूरचा
म्हणजे जवान बाजूला, सीमेचा खटला वर. पीडीओ (पंचायतीचा विकास अधिकारी) ठरावावर सही करणार नाही, कमान चौथऱ्यावर अडेल आणि मग त्याच्याच नावाने दगडफेक. वर मराठी, खाली कन्नड, संपलं. सैन्यात तो कन्नड पोराच्या खांद्याला खांदा लावून होता.

सीमावासी ८६५
खाली कन्नड लिहिणाऱ्यांनी आधी बसवरच्या पाट्यांवर मराठी लिहून दाखवावं. तुमच्यासारख्यांमुळेच सत्तर वर्षं...

होसूरचा
माझ्यासारखे म्हणजे कसे? मराठी शाळेत शिकलोय, तुम्ही पोरांना इंग्रजी मीडियमला घातलंय. राहू दे.

फाईल पुढच्या टेबलावर
भाषेवर वीस पोस्टी, फाईलवर एकही नाही. आणि भाषा कुठलीही असो, रस्त्यावर बांधकाम म्हटलं की सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१३ चा आदेश पुढे येतो : सार्वजनिक रस्ता, फूटपाथ इथे पुतळे आणि बांधकामांना परवानगी देऊ नका. कमान राज्य रस्त्यावर असेल तर नुसता ग्रामसभेचा ठराव उपयोगाचा नाही, पीडब्ल्यूडीही लागेल. शाळेच्या आवारात किंवा पंचायतीच्या जागेत शिळा बसवा, कुणी अडवत नाही.

निपाणीचा तंबाखू
शिळा कुणाला दिसते?

नंदगडची
कमान दिसते, पहिल्या गळीत हंगामापर्यंत. ट्रॉलीवर उसाच्या मोळ्या केबिनच्या वर हातभर रचतात. कमानीच्या कोपऱ्याचे टवके, 'अमर रहे'तला 'अ' गायब, आणि ट्रॉलीवाल्याला शिव्या. शिळेवर खर्च कमी, पण तिथेही नीट लक्ष द्या. काळ्या ग्रॅनाइटवर उथळ खोदून सोनेरी रंग भरला तर खानापूरकडच्या पावसात तो टिकत नाही. अक्षर खोल, व्ही आकाराचं घ्या, रंग उडाला तरी वाचता येतं. मजकूर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टातला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रफार एका अक्षराने सरकतो, वेलांटी उडी मारते आणि कारागीर आहे तसं खोदतो. आधी कागदावर मूळ मापात छापून घ्या, घरच्यांकडून वाचून घ्या, मग छिन्नी.

खानापुरी
उद्घाटनाला त्या विधवेला नऊवारी नेसवून दोन तास उन्हात बसवता, मंत्र्यांची गाडी येईपर्यंत. घरात तेव्हा काय चाललेलं असतं? अंत्यसंस्कारात दिलेला तिरंगा सासूच्या कपाटात राहणार की सुनेच्या ट्रंकेत, यावर अबोला. तो चितेवर जाळायचा नसतो एवढं तरी बरं, नाहीतर त्यावरही समिती झाली असती. विम्याचा पैसा नामनिर्देशन असेल तसा जातो. लग्नाआधी भरलेल्या फॉर्मवर आईचं नाव असतं आणि ते बदलायचं राहून जातं. पेन्शनला मात्र पहिला हक्क बायकोचा. म्हणजे आईकडे विमा, सुनेकडे पेन्शन आणि दोघींच्या मध्ये अख्खं गाव. वर 'दिराशीच लग्न कर, नाहीतर पैसे बंद' ही भीती. शौर्यपदकाच्या भत्त्यावर ती अट होती, नोव्हेंबर २०१७ मध्ये काढली. पारावर बसणाऱ्यांपर्यंत हे पोचलेलं नाही.

मुलांचं सांगते. लढाईत गेलेल्याच्या मुलांना पदवीपर्यंत फी सवलत आहे. मध्ये महिन्याला १०,००० ची मर्यादा घातली होती, मार्च २०१८ मध्ये ती उठली. शाळा मान्यताप्राप्त हवी आणि पावती मुलाच्या नावावर. समितीच्या नावावर पावती फाडून फोटो काढलात तर त्या पावतीचा तिला उपयोग नाही.

वेणुग्रामकर
आणि हयातीचा दाखला. जीवन प्रमाण भरताना सायबर कॅफेवाला पेन्शन देणारी संस्था म्हणून तिची बँक निवडतो, कारण पैसे तिथे येतात. स्पर्शवाल्यांनी तिथे 'स्पर्श - पीसीडीए पेन्शन्स अलाहाबाद' निवडायचं. नाहीतर दाखला भरल्याची पावती हातात आणि पेन्शन बंद. कमान समितीतल्या एका पोराने दर वर्षी तेवढं बघावं.

निपाणीचा तंबाखू
बरं बाबांनो, तुम्ही सगळे पेन्शन खात्याचे जावई, आम्ही अडाणी. वर्गणी जमली की शिळा करतो, शाळेच्या आवारात. उरेल ते प्रतिज्ञापत्राला आणि जबलपूरच्या तिकिटाला. झालं समाधान? शिळेवर खाली वीरपत्नीचं नाव घालणार आहे. आता कुठलं घालू, आधारवरचं की रेशनकार्डावरचं?

खानापुरी
तिला विचारा.

निपाणीचा तंबाखू
विचारतो. पण पुढच्या वर्षी कमानही करणार.

सीमावासी ८६५
मराठीत.