मदत हवी आहे: पाय बधिर, व्यायाम कोणता करू?

वैतागलेला_वाटसरू
मला न्यूरोपथी आहे, म्हणजे पायाच्या नसा खराब झाल्यात. डॉक्टर म्हणाले, व्यायाम चालू ठेवा. कोणता, ते नाही सांगितलं. ट्रेडमिलवर खाली बघितल्याशिवाय पाऊल कुठे पडलं ते कळत नाही आणि खाली बघितलं की तोल जातो. चालणं बंद करू की नको, एवढंच सांगा. 'डॉक्टरांना विचारा' कृपया नको, तिथूनच आलोय.

साळुंकी
न्यूरोपथी कशामुळे? डायबेटिस, बी१२, केमो, दारू, थायरॉइड? बधिरपणा कुठपर्यंत? गोळ्या कोणत्या? पायाला जखम आहे का? काहीच न लिहिता उत्तर मागताय, अंदाजपंचे काय सांगणार?

दवबिंदू
सकाळी गवतावर अनवाणी चाला, नसा जाग्या होतात. घरात काटेवाल्या अ‍ॅक्युप्रेशर चपला वापरा. मला खूप फरक पडला.

टाचणी
@दवबिंदू, ज्याला काटा रुतलेला कळत नाही त्याला काटेरी चपला? धन्य आहे. त्यांनी घरातसुद्धा अनवाणी फिरू नये. बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं. खडा किंवा दुमडलेला मोजा दिवसभर घासत राहिला तरी पत्ता लागत नाही.

दवबिंदू
अनुभव सांगितला. पटत नसेल तर सोडा.

वैतागलेला_वाटसरू
शुगरच, दुसरं काय असणार! मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. बधिरपणा घोट्यापर्यंत. आता सांगा.

गोळीबार
मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी१२ कमी होऊ शकतं, तपासून घ्या. मी तर बी-कॉम्प्लेक्स दुप्पट घेतो, एकदम फ्रेश.

टाचणी
तपासणीला +१. दुप्पट गोळ्यांना नाही. बी६ जास्त दिवस जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानेच न्यूरोपथी होते.

गोळीबार
व्हिटॅमिनने कधी काही होतं का? काहीही!

खुर्ची_ते_उभं
मी फिजिओ आहे. व्हिटॅमिनचा वेगळा धागा काढा.
वाटसरू, न्यूरोपथी असली की पायावर भार नको, असं पूर्वी सरसकट सांगायचे. २०१० साली अमेरिकन डायबेटिस असोसिएशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी मिळून सांगितलं की पायाला जखम नसेल तर मध्यम चालणं चालतं. रोज पाय तपासायचे आणि बूट नीट हवेत. तेव्हा चालणं बंद नको, ट्रेडमिल मात्र सोडा. तळव्याकडून खबर येत नाही, म्हणून तुमचे डोळे ते काम करताहेत. त्यात खालचा पट्टा सरकता. सपाट जमिनीवर, उजेडात चाला.
तोलासाठी: जड टेबलासमोर उभं राहून बोटांची टोकं टेकवा आणि एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याची बोटं लावून उभे राहा. डोळे मिटायचे नाहीत. मग हात न टेकता खुर्चीतून उठबस, मागे भिंत हवी. ग्लिमेपिराइडने व्यायामात शुगर उतरू शकते, खिशात साखर ठेवा. रोज रात्री आरशात तळवे बघायचे.

घड्याळजी
स्मार्टवॉच कोणतं घ्यावं? माझं नाडी चुकीची दाखवतं.

साळुंकी
हे कुणी विचारलं? पण निघालंच आहे तर, न्यूरोपथी हृदयाच्या नसांपर्यंत गेली असेल तर नाडी श्रमाप्रमाणे वाढत नाही. चालताना बोलता येतंय का, ते बघावं. वाटसरू, उठताना चक्कर येते का?

वैतागलेला_वाटसरू
चक्कर नाही. आरशात बघितलं. जखम नाही. डाव्या अंगठ्याखाली जुना घट्टा आहे, त्यात मधोमध काळपट ठिपका दिसतोय. दुखत नाही म्हणून लिहिलं नव्हतं. चालू शकतो ना?

खुर्ची_ते_उभं
नाही! तुम्हाला तिथे दुखणारच नाही. काळपट म्हणजे बहुधा घट्ट्याखाली रक्त साकळलंय, आत जखम असू शकते. ब्लेड लावू नका, कुरुपाची पट्टी नको (तिच्यातल्या अ‍ॅसिडने कातडी जळते), गरम पाण्यात पाय बुडवू नका. पाय दाखवेपर्यंत फिरणं आणि मी वर सांगितलेले उभ्याचे व्यायाम दोन्ही थांबवा. पाय लाल, गरम, सुजलेला वाटला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा.

दवबिंदू
घट्ट्याला तेल चोळा, मऊ पडतो.

टाचणी
चोळू नका.

वैतागलेला_वाटसरू
म्हणजे शेवटी डॉक्टरच. तोवर बसून डंबेल्स चालतील?

खुर्ची_ते_उभं
हलके चालतील. श्वास रोखून उचलायचं नाही. डोळ्यांचा पडदा तपासलाय का? रेटिनोपथी असेल तर जड वजन नकोच.

वैतागलेला_वाटसरू
आता डोळेही! नाही तपासले. उद्या फोन करून आधी पायाचं बघतो, त्यांनाच डोळ्यांचंही विचारतो.

घड्याळजी
घड्याळाचं राहिलंच.