केतकरांनी प्लूटो 'शोधला' म्हणणाऱ्यांनो, विष्णू कुठाय?

चक्रधर_ठाणे (धागाकर्ता)

सोसायटीच्या ग्रुपवर परवा 'सुप्रभात'च्या गुलाबाखाली एक मजकूर आला. तोच काल भाऊसाहेबांनी इथे खरडफळ्यावर डकवला, म्हणून धागाच काढतो. मजकूर थोडक्यात असा: प्लूटोचा खरा शोध १९११ साली व्यंकटेश बापूजी केतकर या मराठी माणसाने लावला. त्याचं नाव 'ब्रह्मा' ठेवलं. १९३० साली अमेरिकनांनी तो ढापला, आणि २००६ साली त्याचं ग्रहपदच काढून घेतलं, कारण भारतीय पुढे गेलेला त्यांना बघवत नाही. शेवटी 'अभिमान असेल तर दहा जणांना पाठवा'. अभिमान बऱ्याच जणांना दिसतोय, मला चार वेळा आला.

केतकरांबद्दल आदर आहे, हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच पडेल. १९११ मध्ये त्यांनी फ्रेंच ज्योतिर्विदांच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं लिहिलं, हे खरं. गुरूचे तीन चंद्र एकमेकांच्या तालात फिरतात: आयोच्या चार फेऱ्या होतात तोवर युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक. केतकरांनी तसाच ताल हर्षल (युरेनस) आणि नेपच्यूनला लावून पुढची मात्रा मोजली. ब्रह्मा सूर्यापासून ३८.९५ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर), फेरी २४२.२८ वर्षांची. प्लूटोचे खरे आकडे ३९.५ आणि २४८. जवळ आहेत, मान्य.

पण तो आकाशात आहे कुठे? कक्षेचा कल किती, ती लांबुळकी किती, आज दुर्बीण कुठे वळवायची? यातलं काहीच नाही. नेपच्यूनची जागा गणिताने काढणाऱ्या फ्रेंच लव्हेरिएचं पत्र २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेतल्या गालच्या हातात पडलं, गालने त्याच रात्री दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून मिळाला. याला भाकीत म्हणतात. 'मुलगा पाच फूट सात इंच, ठाण्याकडचा' एवढ्यावर स्थळ सापडत नाही हो.

आणि दुसरा ग्रह? विष्णू? त्याचं फॉरवर्डमध्ये नावही नाही, कारण तो आजतागायत सापडलेला नाही. दोन बाण मारायचे आणि लागेल त्याचाच फोटो काढायचा.

भाऊसाहेब_विजापूरकर

मजकूर माझा नव्हे, पण डकवला मी, तेव्हा अंगावर घेतो.

माझे आजोबा विजापूरला रेल्वेत होते. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत केतकरांच्या 'ज्योतिर्गणिता'ची प्रत होती. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, समासात निळ्या शाईत आजोबांच्या बेरजा, एके ठिकाणी बेरीज चुकली म्हणून स्वतःलाच दिलेली शिवी. शिक्षकी करणारा एक माणूस, जवळ वेधशाळा नाही, कंदिलाच्या उजेडात आकडेमोड करून थेट फ्रान्सच्या पत्रिकेत लेख छापून आणतो. तुम्ही मोबाइल आभाळाकडे धरून 'हा बघ शनी' म्हणणारे. तुम्हाला त्यात फक्त चुका दिसल्या. चालू द्या.

चक्रधर_ठाणे

आजोबांना नमस्कार. ट्रंकेने प्लूटो सापडत नाही. विदा (डेटा) द्या.

गुरुत्वहीन

चक्रधर, निकष कडक लावायचा तर सगळ्यांना लावा. नेपच्यूनपलीकडे ग्रह आहे म्हणणाऱ्या अमेरिकन पर्सिव्हल लोवेलचं काय? त्याच्या 'क्ष ग्रहा'चं वस्तुमान पृथ्वीच्या सहा-सातपट निघणार होतं. सापडलेल्या प्लूटोचं चंद्राच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरलं. ज्या हर्षलच्या चालीतल्या गडबडीवर त्याने गणित मांडलं, ती गडबडच नव्हती! व्हॉयेजर २ हे यान १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलं, नेपच्यूनचं वस्तुमान नीट कळलं, आणि गडबड विरून गेली. लोवेलच्या वेधशाळेतल्या टॉमबॉला प्लूटो मिळाला तो मानेला रग लागेपर्यंत आभाळाच्या फोटोंच्या काचा ताडून बघितल्या म्हणून. २३ आणि २९ जानेवारी १९३० च्या दोन काचा, हजारो ठिपके, आणि १८ फेब्रुवारीला त्यातला एक ठिपका सरकलेला दिसला. लोवेलच्या जागेपासून सहा अंशांवर, तेही योगायोगाने.

तरी प्लूटोच्या चिन्हात 'पी' आणि 'एल' ही पर्सिव्हल लोवेलची आद्याक्षरं आहेतच. योगायोगाचं श्रेय गोऱ्याला चालतं, मग केतकरांच्याच वेळी पट्टी का काढता?

चक्रधर_ठाणे

वेधशाळा लोवेलची, पैसा लोवेलचा, टॉमबॉ तिथला पगारी माणूस. मान त्याचा मिळाला, गणिताचा नव्हे. पण लोवेलचं भाकीत फसलं होतं यावर शंभर टक्के सहमत. लिहून घ्या, पुन्हा सहमत होणार नाही.

रत्नांग्रीकर

अवांतर: हे तेच केतकर ना, पंचांगातल्या चित्रापक्षवाले? मग माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे.

आमच्याकडे वडील टिळक पंचांगाचे, सख्खा काका दात्यांचा. एकच अंगण, मध्ये तुळस. अधिक महिना आडवा आला की आमचा गणपती विसर्जन होऊन पाट माळ्यावर गेलेला असतो तेव्हा काकाकडे मखराचे बांबू कापायला सुरुवात होते. आई आणि काकू दोनदा मोदक वळतात, दोनदा एकमेकींच्या पाऱ्या मोजतात. मी मुंबईत नोकरीला. दुसऱ्यांदा रजेचा अर्ज टाकला तेव्हा साहेब म्हणाला, "तुमचा गणपती मागच्याच महिन्यात झाला ना?" त्याला अयनांश, म्हणजे राशीचक्राच्या आरंभाचा हिशेब, समजावत बसलो. रजा मिळाली नाही.

मुक्ता_डोंबिवली

काका, भांडण केतकरांशी का? राशीचक्र कुठून मोजायचं एवढाच वाद. चित्रापक्ष चित्रेच्या ताऱ्यासमोरचा बिंदू धरतो, टिळकांचा रैवतपक्ष रेवतीतला अंधुक तारा. फरक साधारण चार अंशांचा. म्हणून टिळक पंचांगात संक्रांत १० जानेवारीला येते, बाकीच्यांची १४-१५ ला. सूर्य चार दिवस आधी राशी बदलतो, आणि संक्रांतीविना गेलेला चांद्रमास तो अधिक, त्यामुळे अधिक महिनाच वेगळा पडू शकतो. परांचन गतीच्या (पृथ्वीच्या आसाच्या संथ डुलण्याच्या) हिशेबात हे चार अंश म्हणजे जवळपास तीनशे वर्षांची चाल. तुमच्या अंगणातून तीनशे वर्षं गेलीत, तुळस मध्ये आहे म्हणून दिसत नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही पंचांगं बाजूला ठेवून शाळांच्या सुट्ट्या सायन गणिताने, म्हणजे ताऱ्यांऐवजी ऋतूंवरून मोजून, द्याव्यात.

दगडूशेजारी

सायन म्हणजे लोकलचं स्टेशन नव्हे, एवढं तरी कळलं. पण ताई, टिळकांना गणित येत नव्हतं असं सुचवायचंय का?

मुक्ता_डोंबिवली

कुठे सुचवलं?

दगडूशेजारी

'अंधुक तारा' म्हणालात. सूर कळतो. लोकमान्यांनी डेक्कन कॉलेजातून गणितात पहिला वर्ग मिळवला होता, केरूनाना छत्र्यांच्या हाताखाली शिकले होते. तुम्हाला चार अंशांची किंमत ताऱ्याच्या उजेडावरून ठरवायची असेल तर ठरवा.

मुक्ता_डोंबिवली

तारा अंधुक आहे. मी काय करू, पुसून काढू? पाचव्या प्रतीचा आहे, डोंबिवलीतून जन्मात दिसणार नाही. दिव्यांच्या झगमगाटाबद्दल कुणाला काही बोलायचं असेल तर ते बोला. आमच्यासमोरच्या संकुलाने गच्चीवर निळा झोत लावलाय, रात्रभर…

रत्नांग्रीकर

दगडूशेठ, रैवतपक्ष आमच्या घरात आहे, तुमच्या नव्हे. भांडायचा हक्क आमचा.

संपादक

व्यक्तिगत रोख टाळावा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा प्लूटोबद्दल आहे.

पाटीपेन्सिल

प्लूटोबद्दलच बोलते मग. २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचं प्लूटोच्या ग्रहपदावर मतदान झालं तेव्हा मी सहावीत होते. सहामाहीत 'ग्रह किती?' याला मी 'आठ' लिहिलं. पुस्तकात नऊ. अर्धा गुण कापला. बाबा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन शाळेत गेले. बाई म्हणाल्या, "पुस्तक बदललं की गुण बदलते." पुस्तक बदलेपर्यंत मी पुढच्या इयत्तेत. तो अर्धा गुण अजून येणे आहे.

आणि प्लूटोला चिकटवलेला 'बटुग्रह' हा शब्द कुणी काढला त्याला शोधा. पंच्याहत्तर वर्षं पंगतीत बसलेल्याला उठवायचं आणि वर त्याची मुंज लावायची! निकष तरी कसला, तर कक्षेचा परिसर साफ केलेला हवा. गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढेमागे हजारो लघुग्रह लोळत पडलेत, त्याला कुणी विचारत नाही.

गुरुत्वहीन

ते गुरूच्या मुठीत आहेत म्हणून तिथे आहेत. प्लूटो मात्र स्वतः नेपच्यूनच्या तालावर नाचतो. नेपच्यूनच्या तीन फेऱ्यांत याच्या दोन. म्हणून तर १९७९ ते १९९९ तो नेपच्यूनपेक्षा सूर्याजवळ होता, तरी टक्कर होण्याची वेळ येत नाही. ग्रहपद गेलं ते प्लूटोपलीकडच्या एरिसमुळे. २००५ मध्ये अमेरिकन खगोलज्ञ ब्राउनच्या चमूने ती जाहीर केली, वजनाने प्लूटोपेक्षा भारी. प्लूटोला ठेवायचं तर तिलाही घ्या, मग मंगळ-गुरूमधल्या सेरेसला परत बोलवा. १८०१ मध्ये सापडल्यावर बरीच वर्षं तीही ग्रहच होती, तिच्यासाठी कुणी कात्रण घेऊन शाळेत गेलं नाही.

बाकी प्रागच्या व्याख्येत 'सूर्याभोवती फिरणारा' असं आहे. त्या हिशेबाने १९९५ मध्ये मेयर आणि केलोझ यांना दुसऱ्या ताऱ्याभोवती मिळालेला ५१ पेगासी बी, ज्याच्यावर २०१९ चं नोबेल दिलं, तो कागदोपत्री ग्रहच नाही. यावर कुणाचा अर्धा गुण कापला गेला नाही, एवढंच.

भाऊसाहेब_विजापूरकर

ब्राउन म्हणजे तेच ना, जे २०१६ पासून 'लांब कुठेतरी नववा ग्रह आहे' म्हणताहेत? अजून सापडलेला नाही. त्यांना कुणी 'बाण चुकला' म्हणत नाही, 'शोध चालू आहे' म्हणतात. आमच्या विष्णूलाच कुठाय कुठाय.

चक्रधर_ठाणे

ब्राउन आणि त्यांचे सहकारी बाटिगिन यांनी निदान आभाळाचा कोणता पट्टा धुंडाळायचा ते सांगितलंय. शिवाय ते 'आम्ही शोधला' म्हणत नाहीत. भाऊसाहेब, हे मी आता तिसऱ्यांदा लिहितोय, वाचायचंच नसेल तर तसं सांगा. तालाची कल्पना मुळातच लंगडी. हर्षल ८४ वर्षं, नेपच्यून १६५. दुप्पट झाले असते १६८. जिथे पहिल्या दोन पावलांतच तीन वर्षांचा घोळ, तिथे तिसरं पाऊल मोजणं म्हणजे ज्योतिष. फलज्योतिष.

वांगणी_लोकल

वाचनमात्र होतो, पण 'लंगडी' वाचून राहवलं नाही. गेली कित्येक वर्षं अमावास्येच्या आसपास वांगणीला दुर्बीण लावतो. नेपच्यून म्हणजे आठ इंची दुर्बिणीत निळसर टिकलीएवढाही नाही, टाचणीचं टोक. तो बघायला दव पुसत दीड तास घालवलेला माणूस आहे मी, म्हणून थोडं बोलतो.

ट्रॅपिस्ट-१ हा तारा घ्या. कुंभ राशीत, चाळीस प्रकाशवर्षांवर, सात ग्रह. सातवा म्हणजे 'एच' आधी एकदाच ताऱ्यासमोरून जाताना दिसला होता. एका अधिक्रमणावरून फेरी किती दिवसांची ते कळत नाही. मग संशोधकांनी आतल्या सहा ग्रहांचा ताल बघितला, गुरूच्या चंद्रांसारखीच लाप्लासची साखळी, आणि सातव्याला जमतील असे आकडे काढले. त्यातला १८.७७ दिवसांचा पक्का वाटला. नंतर केप्लर दुर्बिणीच्या नोंदी आल्या. १८.७७ दिवस. २०१७ सालची गोष्ट.

केतकर १९११ मध्ये जे करू बघत होते ते हेच. गडी चुकीच्या अंगणात खेळला असेल, पण खेळ खरा होता.

चक्रधर_ठाणे

तिथे सहा ग्रहांच्या फेऱ्या चोख मोजलेल्या होत्या, सातवा डोळ्यांना एकदा दिसलेला होता. इथे दोन ग्रह, तेही तालात नसलेले. हर्षल त्या साखळीत नाहीच.

पण बरं. 'मुळातच लंगडी' हे मागे घेतो. कल्पना धडधाकट, हर्षल लंगडा. झालं समाधान?

भाऊसाहेब_विजापूरकर

अर्धं झालं. खरडफळ्यावरचा मजकूर बदलला आहे. 'शोध लावला'च्या जागी 'अंदाज बांधला', आणि 'ढापला' काढून टाकलं. केतकर गेले तेही १९३० मध्येच, प्लूटो सापडला त्याच वर्षी. 'मराठी माणसाने' मात्र तसंच ठेवलंय, त्याला कुठला विदा लागत नाही.

पाटीपेन्सिल

आणि माझा अर्धा गुण?

चक्रधर_ठाणे

प्रागला अर्ज करा. भाऊसाहेब, आभार. विष्णू सापडला की धागा वर काढा, मी जाहीर माफी मागेन.

रत्नांग्रीकर

तो कोणत्या पंचांगाने सापडणार तेवढं आधी कळवा. मला रजा टाकावी लागते.